बारावीच्या गुणांचे अवमूल्यन

दहावीला नव्वद टक्क्यांच्या पुढे असलेला मुलगा बारावीच्या सराव परीक्षेत साठीच्या आसपास येऊन थांबतो, हा अनुभव आता इतक्या घरांत येतो की त्याला अपवाद म्हणण्याची सोय उरलेली नाही. ही घसरण लक्षात येते तीही नेमकी अशा वेळी, जेव्हा प्रवेशपरीक्षांचे अर्ज भरून झालेले असतात, क्लासच्या फीचा शेवटचा हप्ता तोंडावर आलेला असतो आणि नातेवाइकांनी ‘पुढे काय?’ असे विचारायला सुरुवात केलेली असते. मग घरोघर निदान सुरू होते. मोबाईल, मित्रमंडळी, अपुरी झोप, आत्मविश्वासाचा अभाव, क्वचित ग्रहमानसुद्धा. या निदानांत थोडेफार तथ्य असेलही. परंतु निरनिराळ्या गावांतील, निरनिराळ्या स्वभावांच्या असंख्य मुलांचे गुण आयुष्याच्या एकाच टप्प्यावर घसरू लागतात, तेव्हा त्याचे कारण मुलांच्या स्वभावात शोधणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तरी पटण्यासारखे नाही. बाजारातल्या सगळ्याच दुकानदारांनी एखादा माल ठेवणे बंद केले, तर आपण दुकानदारांना आळशी म्हणत नाही. त्या मालाला भाव उरला आहे का, ते पाहतो.

अर्थात या घसरणीतला काही भाग केवळ दिसण्यापुरता आहे आणि तो प्रथम बाजूला काढला पाहिजे. दहावीचे नव्वद टक्के आणि बारावीचे साठ टक्के हे एकाच फूटपट्टीवरचे आकडे नव्हेत. दहावीला अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण असतात आणि ते देताना शाळांचा हात सैल असतो. उत्तम पाच विषयांचेच गुण धरण्याची सवलत असते. कला-क्रीडांचे वाढीव गुण मिळतात ते वेगळेच. त्यानंतर विज्ञान शाखेत पाऊल टाकले की अभ्यासक्रमाची उंची एकदम वाढते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ती उंची इंग्रजीतून चढावी लागते. ‘घनता’ आणि ‘त्वरण’ ज्याला नीट समजले होते, त्याला तीच कल्पना नव्या नावाने ओळखू येईपर्यंत अकरावीची सहामाही उलटून जाते. या कारणांनी दहा-पंधरा टक्के कमी होणे ही घसरण नव्हे. मापट्यातला फरक आहे. तो आईवडिलांनी समजून घेतला, तर निम्मी भांडणे टळतील.

तथापि खरा प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे. बारावीच्या गुणांना आज प्रवेशाच्या बाजारात किती किंमत आहे?

जुन्या पिढीच्या वाचकांना ‘इंटर सायन्स’ आठवत असेल. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचे दार त्या वर्षाच्या गुणांवर उघडे किंवा बंद होई. कोठारी आयोगाच्या शिफारशीप्रमाणे १०+२+३ हा आकृतिबंध आला, १९७७ साली राज्यात बारावीची पहिली परीक्षा झाली, आणि इंटरचे ते भाग्यविधातेपण बारावीकडे आले. पुढची वीसएक वर्षे बारावीचा एकेक गुण सोन्याच्या मोलाचा होता. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर झाला तो याच काळात आणि याच परीक्षेच्या जिवावर. लातूरच्या प्राध्यापकांनी बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेचा, उत्तर लिहिण्याच्या पद्धतीचा, पुनःपुन्हा घेण्याच्या सरावाचा एक शिस्तबद्ध उद्योग उभा केला आणि गुणवत्ता यादीत मराठवाड्याचे नाव आणले. त्यानंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली, २०१३ साली नीट आली आणि २०१६ पासून वैद्यकीय प्रवेशासाठी ती सक्तीची झाली. आज लातूरला बाहेरगावची मुले येतात ती प्रामुख्याने नीटसाठी. गाव तेच, कष्टाची परंपराही तीच. फक्त भाव जिकडे गेला तिकडे मेहनत गेली. याबद्दल लातूरकरांना कोणी दोष देऊ नये.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहू. राज्यातील अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला संबंधित विषयांत ४५ टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के गुण लागतात; एवढे मिळाले की पुढचा क्रम सीईटी किंवा जेईईवर ठरतो. वैद्यकीयसाठी भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के पुरतात. बाकी सारे नीटवर. म्हणजे बारावीला ५१ टक्के मिळवणारा आणि ९१ टक्के मिळवणारा हे दोघे या दारापाशी सारखेच. मधल्या चाळीस टक्क्यांची, म्हणजे वर्षभराच्या वाचनाची, प्रयोगवहीची, लिहिण्याच्या सरावाची बाजारभावाने किंमत शून्य. ज्या श्रमाला मोबदला नाही तो श्रम सतरा वर्षांच्या मुलाने निव्वळ ज्ञानलालसेने करावा, ही अपेक्षा त्याचे वडील स्वतःच्या कचेरीत तरी पाळतात काय?

बेंग्ट होल्मस्ट्रोम आणि पॉल मिल्ग्रॉम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली लिहिलेला एक निबंध या संदर्भात आठवतो. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, होल्मस्ट्रोम यांना २०१६ साली व मिल्ग्रॉम यांना २०२० साली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांतल्या एकाच कामाचे मोजमाप करून मोबदला दिला जात असेल, तर तो माणूस बाकीची कामे हळूहळू सोडून देतो. आणि मोबदला जितका घसघशीत, तितके हे सोडणे वेगाने होते. त्यांनी उदाहरणही शिक्षकांचे आणि परीक्षेतील गुणांचेच घेतले होते. आपण तोच प्रयोग विद्यार्थ्यांवर, तोही राज्यव्यापी प्रमाणावर करून पाहिला आणि निष्कर्ष हाती आल्यावर मुले बिघडली म्हणून हळहळत बसलो.

वेळापत्रकही असे की जाणीवपूर्वक आखले असते तरी याहून गैरसोयीचे झाले नसते. जानेवारीत जेईईचे पहिले सत्र, मग बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा, फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी, एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र, एप्रिल-मेमध्ये सीईटी, मेमध्ये नीट. एकीकडे चार पर्यायांतला एक मिनिटभरात टिपायचा, दुसरीकडे त्याच सिद्धांताची सिद्धता पायरी-पायरीने लिहायची. ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. त्यांतले पहिले ज्याला जमले त्याला दुसरे आपोआप जमते, असा एक समज क्लासच्या जाहिरातींनी पसरवला आहे. तो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही शिक्षकाला विचारून पाहावा.

या सगळ्याचा परिणाम कनिष्ठ महाविद्यालयांच्या वर्गांत दिसतो. नाव एका महाविद्यालयात, मूल दिवसभर क्लासमध्ये आणि दोहोंत करार, अशा ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेचे जाळे शहरांतून तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचले आहे. हजेरीपटावर ऐंशी आणि बाकावर अकरा हे दृश्य पाहून विज्ञानाच्या कोणत्या शिक्षकाचा उत्साह टिकेल? २०१८ साली राज्य शासनाने काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. अंगठा उमटवून घेता येतो. मन वर्गात बसवण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. प्रयोगशाळेची स्थिती तर याहून केविलवाणी. भौतिकशास्त्राच्या शंभर गुणांपैकी तीस प्रात्यक्षिकाचे असतात, ते बहुतेकांना जवळपास पुरेच मिळतात, आणि व्हर्नियर कॅलिपर हातात धरण्याची वेळ पुष्कळांवर परीक्षेच्या आठवड्यातच येते.

या व्यवहाराची किंमत कोण मोजतो, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तोच चर्चेत सहसा येत नाही. ज्याला सीईटीत चांगले परसेंटाइल मिळाले, त्याचा प्रश्न सुटला. (परसेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे दर वर्षी नव्याने सांगावे लागते. नव्वद परसेंटाइल म्हणजे शंभरातल्या नव्वद जणांच्या बरोबरीने किंवा पुढे असणे. मुलाला पेपरात किती आले, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.) पण स्पर्धा क्रमांकाची असली की सर्वांनी दुप्पट मेहनत केली तरी वरच्या जागा तेवढ्याच राहतात. उरलेले बहुसंख्य विद्यार्थी कोठे जातात? त्यांतले बरेच पदवी महाविद्यालयात येतात, काही बी.एस्सी.ला, काही थेट आमच्याकडे, कला आणि वाणिज्य शाखेत. तेथे मात्र प्रवेशाची यादी प्रायः बारावीच्या गुणांवरच लागते! ज्या नाण्याला दोन वर्षे कोणी विचारले नाही, तेच नाणे येथे चालते, आणि मुलाच्या खिशात ते पुरेसे नसते.

प्रवेश मिळाल्यानंतरचे चित्र मी दर वर्षी पाहतो. प्रथम वर्षाच्या वर्गात ही मुले बसतात. डोक्याने तल्लख, आकडेमोडीत चपळ. पण ‘मागणीची लवचिकता म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा’ असे विचारले की लेखणी अडते. पर्याय दिले असते तर त्यांनी अचूक उत्तर निवडले असते यात शंका नाही. सलग पाच वाक्यांत एक विचार मांडणे, कारण आणि परिणाम यांची संगती लावणे, ही सवय त्यांना दहावीपर्यंत थोडीफार होती. नंतरच्या दोन वर्षांत ती मोडली. त्यांनी फी भरून ती मोडून घेतली, असे म्हटले तर फार कठोर होईल, पण खोटे होणार नाही. आणि ज्याच्या घरी क्लासची फी भरण्याइतके पैसेच नव्हते, त्या शेतकऱ्याच्या किंवा शिपायाच्या मुलाजवळ पूर्वी बारावीच्या गुणांचे एक भांडवल असे. कॉलेजच्या वर्गात बसून, ग्रंथालयातले पुस्तक वाचून ते कमावता येई. त्याचे भांडवल आपण चलनातून काढून टाकले.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे गतकाळाचे गुणगान ठरेल. बोर्डाचे गुण काही गंगाजलाने धुतलेले नव्हते. कॉपीची केंद्रे होती, प्रात्यक्षिकांची खिरापत होती आणि निरनिराळ्या बोर्डांत गुण वाटण्याची चढाओढ होती. दिल्लीतल्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने २०११ साली एका गटातील विद्यार्थ्यांसाठी बी.कॉम. ऑनर्सची पहिली यादी शंभर टक्क्यांवर लावली, तेव्हा देशभर हसे झाले. २०२१ साली तर दिल्ली विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत काही अभ्यासक्रमांना शंभर टक्केच लागले आणि पुढच्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी आली. त्याच २०२१ मध्ये कोरोनामुळे आपल्याकडे बारावीची लेखी परीक्षाच झाली नाही. दहावी, अकरावी आणि बारावीच्या अंतर्गत गुणांना अनुक्रमे ३०, ३० आणि ४० टक्के भार देऊन निकाल लावला गेला आणि तो ९९.६३ टक्के लागला. ज्या मापाने जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात त्या मापाने निवड करता येत नाही, हे प्रवेशपरीक्षेच्या समर्थकांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

मात्र प्रवेशपरीक्षेचे समर्थन करणे वेगळे आणि बारावीच्या गुणांबाबत नियमांचा लंपंडाव खेळणे वेगळे. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के, किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० परसेंटाइलमध्ये असणे, अशी अट आहे. कोरोनाकाळात, म्हणजे २०२०, २०२१ आणि २०२२ या तीन वर्षी ती शिथिल होती. डिसेंबर २०२२ मध्ये पुढील वर्षाच्या परीक्षेची अधिसूचना निघाली आणि तिच्यात ७५ टक्क्यांची अट परत आली. त्या वेळी बारावीत असलेल्या मुलांची मनःस्थिती डोळ्यांपुढे आणावी. अकरावीपासून त्यांनी बोर्डाच्या गुणांना दुय्यम मानले, कारण नियमच तसा होता. लेखी परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली असता त्यांना कळले की दार अरुंद झाले आहे. त्यांतल्या पुष्कळांनी वर्तमानपत्रांतून, समाजमाध्यमांतून गाऱ्हाणे मांडले, काही न्यायालयापर्यंत गेले. अट मुळात चुकीची होती असे माझे मत नाही. पण गुंतवणूक करून झाल्यावर कराचा दर बदलणाऱ्या सरकारला आपण जे म्हणतो, तेच येथेही म्हणावे लागेल.

शेवटच्या वर्षाच्या अभ्यासाचे काय करायचे, ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेत विद्यार्थी शालेय शिक्षणाच्या चौथ्या, अंतिम वर्षी महाविद्यालयांकडे अर्ज करतात. नोव्हेंबर ते जानेवारीत अर्ज जातो, मार्चअखेरपर्यंत निर्णय कळतात, एक मेपर्यंत होकार कळवायचा. निर्णय झाल्यावर उरलेल्या महिन्यांत अभ्यास कोण करणार? तिकडे या शैथिल्याला ‘सीनियरायटिस’ असे रोगाचे नावही मिळाले आहे. त्यावरचा उपाय असा, की सहामाहीचे गुण महाविद्यालयाला कळवावे लागतात आणि दिलेला प्रवेश अंतिम निकालापर्यंत सशर्त असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाची अट स्पष्ट आहे: शेवटच्या वर्षी सरासरी तीन श्रेणीगुणांच्या खाली जाता कामा नये आणि कोणत्याही विषयात ‘सी’हून खालची श्रेणी नको. तेथील विद्यार्थ्यांना आणि पालकांनाही घसरत्या श्रेणींची चिंता जाळते. फरक इतकाच, की चिंतेची रेषा कोठे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक असते.

अर्थात कागदावरची रेषा टंचाईच्या वेळी कशी वापरली जाते, हेही पाहण्यासारखे आहे. २०१७ साली त्याच विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत अपेक्षेपेक्षा आठशेहून अधिक विद्यार्थ्यांनी होकार कळवला. जागा कमी पडणार हे दिसताच जुलैमध्ये, सत्र सुरू होण्यास दोनेक महिने उरले असता, सुमारे पाचशे जणांचे प्रवेश रद्द झाल्याची पत्रे गेली: कोणाचे गुणपत्रक वेळेत पोचले नाही म्हणून, कोणाच्या श्रेणी घसरल्या म्हणून. एरवी ज्या कागदी उणिवांकडे कानाडोळा झाला असता, त्या एकाएकी अक्षम्य ठरल्या. या मुलांनी अन्य विद्यापीठांचे प्रवेश केव्हाच नाकारले होते. मोठा गवगवा झाला, तेव्हा कुलप्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली आणि अटी खरोखरच न पाळणारे वगळता इतरांना परत घेतले. जागा अपुऱ्या पडल्या की दोष मुलाच्या गुणपत्रिकेत सापडतो. त्यासाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज नव्हती, पण उदाहरण बोलके आहे.

आपल्याकडे उपाय काय? बारावीच्या गुणांना प्रवेशात वाटा द्यावा, ही सूचना सहज सुचते. परंतु ती करून झालेली आहे. २०१३ ते २०१६ अशी चार वर्षे जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के भार होता. देशातल्या सगळ्या बोर्डांचे गुण एका मापावर आणण्यासाठी परसेंटाइलची किचकट कसरत करावी लागे, शेवटच्या बोर्डाचा निकाल लागेपर्यंत क्रमवारी अडून राही आणि सत्र लांबे. २०१७ पासून ती पद्धत सोडून दिली गेली. राज्याच्या पातळीवर सीईटी केंद्रीय बोर्डाची मुलेही देतात, म्हणजे मापांचा तोच घोळ लहान प्रमाणात होईल. तेव्हा तो मार्ग मला फारसा आशादायक वाटत नाही.

त्यापेक्षा दोन गोष्टी साध्या आहेत. पहिली, सीईटीतच मर्यादित गुणांचा लेखी भाग असावा, ज्यात सिद्धता किंवा स्पष्टीकरण लिहावे लागेल. लाखो उत्तरपत्रिका तपासणे खर्चाचे आणि वेळखाऊ आहे हे मान्य. पण बहुपर्यायी परीक्षेत विशिष्ट मर्यादेपर्यंत आलेल्यांचाच लेखी भाग तपासला, तर तो आवाक्यात येतो. ज्या दिवशी लिहिण्याला पुन्हा भाव येईल त्या दिवशी क्लासही लिहायला शिकवू लागतील, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. दुसरी गोष्ट त्याहून स्वस्त आहे. विद्यार्थ्याने अकरावीत नाव घातले त्या दिवशी पात्रतेचे जे नियम असतील, तेच त्याच्या प्रवेशाला लागू राहावेत. मधल्या दोन वर्षांत केलेला बदल पुढच्या तुकडीला. यासाठी समिती नको, निधी नको; सरकारने स्वतःच्या सोयीला थोडा आवर घालायला हवा, इतकेच.

हे होईल तेव्हा होईल. ज्या घरात आज सराव परीक्षेची गुणपत्रिका टेबलावर पडली आहे, तेथे काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सराव परीक्षेच्या साठ टक्क्यांनी अभियांत्रिकीचे किंवा वैद्यकीयचे दार बंद होत नाही. ७५ टक्क्यांची मर्यादा ठरावीक केंद्रीय संस्थांपुरती आहे. बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, म्हणजे उत्तीर्ण झाल्यावरही गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येते. मूल कला-वाणिज्य शाखेचे असेल, किंवा बी.एस्सी.चा विचार मनात असेल, तर मात्र बोर्डाचा प्रत्येक गुण अजूनही खराखुरा आहे आणि क्लासच्या चाचण्यांपेक्षा लेखी सरावाला वेळ दिला पाहिजे. त्यासाठी टक्केवारी पाहून मुलाला बोलण्याऐवजी तपासलेली उत्तरपत्रिका मागवून वाचावी. येत नव्हते म्हणून गुण गेले, की येत असून लिहिता आले नाही म्हणून गेले, हे त्या कागदावर लाल शाईत स्पष्ट दिसते. शिक्षकांनी त्या तपासून गठ्ठे बांधून ठेवलेले असतात. कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांत त्या न्यायला कोणी येतच नाही, आणि वर्ष संपले की त्या रद्दीत जातात.